खरा आकडा

हल्ली काही लोक घराच्या गच्चीवर छोटे हवामान केंद्र बसवतात. गच्चीवरचे संवेदक तापमान, हवेतील ओलावा, वारा आणि पाऊस मोजतात. त्यांचे आकडे रेडिओलहरींनी घरातल्या पडद्यावर येतात. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी खूण असते. संवेदकाशी संपर्क चालू आहे की तुटला आहे, हे ती खूण सांगते. संपर्क तुटला, तर थोड्या वेळाने आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. त्या रेघा पाहून आपण वैतागतो. पण विचार करा. रेघांऐवजी कालचाच आकडा तिथे दिसत राहिला असता, तर आपण फसलो नसतो का?

यंत्राने खरे तेच सांगावे, यासाठी एका भारतीय स्त्रीने आपले आयुष्य वेचले. तिचे नाव ॲना मणी.

ॲनाचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरुमेडू येथे झाला. हे गाव आज केरळमध्ये आहे. तिचे वडील स्थापत्य अभियंता होते. आठ भावंडांत ॲना सातवी. घरात पैशाची कमतरता नव्हती. मुलींना आठव्या वाढदिवशी हिऱ्यांची कर्णफुले देण्याची त्या घरात रीत होती. ॲनाने ती घेतली नाहीत. त्याऐवजी तिने ज्ञानकोश मागितला. तिला वाचनाचे वेडच होते. गांधीजींच्या विचारांचाही तिच्यावर प्रभाव पडला आणि ती खादी वापरू लागली.

१९३९ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधून तिने भौतिकशास्त्राची पदवी घेतली. नंतर शिष्यवृत्ती मिळवून ती बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली. तेथे सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली तिने हिरे आणि माणिक यांवर संशोधन केले. हिऱ्यातून येणाऱ्या मंद प्रकाशाचे छायाचित्र घ्यायला पंधरा-वीस तास लागत. ॲना कधीकधी रात्रीही प्रयोगशाळेतच थांबत असे. ज्या मुलीने दागिन्यांचे हिरे नाकारले, तिने अभ्यासासाठी मात्र हिरे हाती घेतले!

१९४५ साली तिने आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. तिचे पाच शोधनिबंधही प्रसिद्ध झाले होते. तरीही तिला डॉक्टरेट मिळाली नाही. तिच्याकडे एम.एस्सी.ची पदवी नाही, हे कारण देण्यात आले. इतक्या वर्षांची मेहनत एका नियमापुढे वाया गेली, असे कुणालाही वाटले असते. ॲना मात्र रडत बसली नाही. त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ती इंग्लंडला गेली. तिला भौतिकशास्त्र शिकायचे होते. पण तेथे जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासासाठी. तिने तो मार्ग स्वीकारला, आणि तेच तिच्या आयुष्याचे काम ठरले.

१९४८ साली ॲना मणी स्वतंत्र भारतात परत आल्या आणि पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. त्या काळी साधी साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. ही उपकरणे आपल्याच देशात बनली पाहिजेत, असे त्यांनी ठरवले. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. १९५३ साली त्या विभागप्रमुख झाल्या. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. त्या काळी एका स्त्रीने अशी जबाबदारी सांभाळणे ही साधी गोष्ट नव्हती.

मात्र उपकरण बनवले म्हणजे काम संपले, असे ॲना मणी मानत नसत. चुकीचे मोजमाप करण्यापेक्षा मोजमाप न केलेले बरे, असे त्यांचे मत होते. यामागचे कारण समजण्यासाठी रेडिओसाँडचे उदाहरण घेऊ. फुग्याला एक हलके यंत्र बांधून ते आकाशात सोडतात. वर जाता जाता ते तापमान, हवेचा दाब आणि ओलावा मोजते. हे आकडे रेडिओने जमिनीवर येतात. फुगा उंचावर जाऊन फुटतो. यंत्र परत हाती येईलच, असे नसते. म्हणून फुगा सोडण्याआधीच सर्व तपासावे लागते. प्रत्येक संवेदक चालू आहे का? त्याचा संदेश नीट पोहोचतो का? त्याचा आकडा प्रमाणित यंत्राच्या आकड्याशी जुळतो का? अशाच आकड्यांवरून वादळाचा आणि पावसाचा अंदाज बांधतात. त्या अंदाजावर विसंबून कोळी समुद्रात होडी घालतो आणि शेतकरी पेरणी करतो. आकडा खोटा निघाला, तर नुकसान त्यांचे होते.

१९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात ॲना मणींनी देशात ठिकठिकाणी सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रे उभारली. पुढे हवेतील ओझोन मोजणारे यंत्रही त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतातच तयार झाले. १९६३ साली विक्रम साराभाई यांच्या विनंतीवरून त्यांनी थुंबा येथील अग्निबाण केंद्रात हवामान वेधशाळा उभारली. १९७६ साली त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भारतातील सौरऊर्जेवर त्यांनी दोन मोठे ग्रंथ लिहिले आणि पवनऊर्जेसाठी ठिकठिकाणच्या वाऱ्याची मोजमापे गोळा केली. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

डॉक्टरेट त्यांना कधीच मिळाली नाही. पण त्यांच्या कामाचे मोल त्यामुळे कमी झाले नाही.

मुलांनो, कधी एखाद्या हवामान केंद्राच्या पडद्यावर नुसत्या रेघा दिसल्या, तर चिडू नका. गच्चीवर जा, बॅटरी पाहा, संपर्क जोडा. तोपर्यंत वहीतली ती जागा कोरी ठेवा. अंदाजाने आकडा लिहू नका. कोरी जागा पुढच्या माणसाला सावध करते, पण खोटा आकडा त्याला फसवतो.