गुरूचे चंद्र आणि उशिरा येणारा प्रकाश

दोन गावांमधील रेखांशाचे अंतर काढावयाचे, तर एकच घटना दोन्हीकडे किती वाजता दिसली हे कळावयास हवे. एका तासाचा फरक म्हणजे पंधरा अंश. सतराव्या शतकात ना तारायंत्र होते ना रेडिओ. तेव्हा ज्योतिर्विदांनी आकाशातच घड्याळ शोधले: गॅलिलिओने १६१० साली पाहिलेले गुरूचे चंद्र. त्यांपैकी आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी पुरी करतो व दर फेरीत गुरूच्या छायेत बुडतो. या घड्याळातील खोट ज्याने ओळखली तो ओले रोमर.

रोमरचा जन्म २५ सप्टेंबर १६४४ रोजी डेन्मार्कमधील ऑर्हूस येथे झाला. कोपनहेगनला तो रास्मुस बार्थोलिन या अध्यापकांच्या घरी राहून शिकला. पुढे त्यांचा जावईही झाला. १६७१ मध्ये ट्यूको ब्राहेच्या जुन्या वेधशाळेचा रेखांश काढण्यासाठी पिकार हा फ्रेंच ज्योतिर्विद व्हेन बेटावर आला. तेथे पिकार व रोमर, तर पॅरिसला कॅसिनी, असे आयोच्या ग्रहणांचे वेध घेतले गेले. पिकारने या तरुणाला १६७२ मध्ये पॅरिसला नेले.

तेथे कॅसिनीची कोष्टके होती, पण आयो ती पाळीना. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणे उशिरा होत, जवळ येत असताना लवकर. प्रकाशाला वेळ लागत असावा, हे कॅसिनीच्याही मनात येऊन गेले होते. पण बाकीच्या तीन चंद्रांचा हिशेब जुळेना म्हणून त्याने ती कल्पना टाकून दिली. त्याचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. रोमरने मात्र पैज लावल्यासारखे केले. सप्टेंबर १६७६ मध्ये त्याने अकादमीला सांगितले की, नोव्हेंबरात आयो छायेतून दहा मिनिटे उशिरा बाहेर पडेल. ९ नोव्हेंबरला तसेच घडले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला बावीस मिनिटे लागतात, असे त्याचे गणित. खरा आकडा साडेसोळा मिनिटांहून किंचित अधिक आहे. कॅसिनीचे मन काही वळले नाही. आज दिशादर्शक उपग्रहांच्या घड्याळात सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर अंतरात तीनशे मीटरांचा घोळ होतो. हिशेब तोच, फक्त चंद्र माणसाने केलेले!

१६८१ मध्ये रोमर मायदेशी परतला. वजनेमापे, नवे पंचांग (१७०० साली डेन्मार्कमध्ये १८ फेब्रुवारीनंतर एकदम १ मार्च उजाडला), पुढे कोपनहेगनचे पोलीसप्रमुखपद, रस्त्यांवर तेलाचे दिवे. एका माणसाने किती करावे! १९ सप्टेंबर १७१० रोजी तो वारला. ब्रॅडलीने ताऱ्यांच्या वेधांवरून प्रकाशाचा वेग मर्यादित असल्याचे दाखविले, ते १७२९ साली. त्याआधी, १७२८ च्या कोपनहेगनच्या आगीत रोमरच्या बहुतेक वेधनोंदी जळून गेल्या होत्या. वाचल्या त्यांत १७०६ सालच्या ऑक्टोबरातील तीन रात्रींचे वेध आहेत.