रखमाबाई व सहा महिन्यांचा तुरुंग

इ. स. १८८७ च्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश फॅरन यांनीं एका बावीस वर्षांच्या स्त्रीस हुकूम केला कीं, तिनें एका महिन्याच्या आंत नवऱ्याच्या घरीं नांदावयास जावें. न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगाची शिक्षा होईल. त्या स्त्रीनें कळविलें कीं, तुरुंग पत्करीन, पण त्या घरीं जाणार नाहीं. ही स्त्री म्हणजे रखमाबाई होत.

आमचे कित्येक उपदेशक बंधु ही गोष्ट बाजारांत व जत्रेंत सांगतात, आणि हिंदु शास्त्र स्त्रीजातीशीं किती निष्ठुर आहे हें तींतून दाखवितात. गोष्ट खरी आहे. परंतु ते ती अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी आम्हां ख्रिस्ती लोकांस ऐकावयास कडू लागेल, तरी ती सांगणें आम्हांस भाग आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईंत एका सुतार ज्ञातीच्या कुटुंबांत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या लहानपणींच वारले. आई जयंतीबाई हिचें लग्न चौदाव्या वर्षीं झालें, पंधराव्या वर्षीं तिला मूल झालें आणि सतराव्या वर्षीं ती विधवा झाली. त्या ज्ञातींत विधवेस पुन्हां लग्न करण्याची मोकळीक होती, म्हणून कांहीं वर्षांनीं तिनें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं लग्न केलें. १८५६ च्या कायद्याप्रमाणें पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडावें लागे. जयंतीबाईंनीं ती मिळकत मुलीच्या नांवें करून दिली. पुढच्या साऱ्या तंट्याच्या मुळाशीं ही मिळकतच होती, असें रखमाबाईंच्या पक्षाचें म्हणणें होतें.

अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशीं लावण्यांत आलें. तो सावत्र वडिलांच्या नात्यांतला व गरीब होता. त्यानें घरजांवई राहून विद्या शिकावी असें ठरलें होतें. पण शिकण्याचा कंटाळा करून तो आपल्या मामाच्या घरीं जाऊन राहिला, आणि पुढें कर्जांतही पडला. सखाराम अर्जुन हे वैद्य होते. कोवळ्या वयांत संसार लादल्यास मुलीच्या देहाचें काय होतें हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्यांनीं मुलीस घरींच ठेवून घेतलें. या काळांत रखमाबाई घरीं बसून वाचीत असत, आणि त्यांचीं पुस्तकें फ्री चर्च मिशनच्या पुस्तकालयांतून येत. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं मिशनची पुस्तकांची पेटी धूळ खात पडली असेल, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

१८८४ मध्यें दादाजीनें वकिलामार्फत निरोप पाठविला कीं, माझी बायको माझ्या घरीं पाठवावी. आणि ती येईना तेव्हां हायकोर्टांत दावा लावला. पुढच्याच वर्षीं एप्रिलांत सखाराम अर्जुन वारले व मायलेकी निराधार झाल्या. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायाधीश पिन्ही यांनीं दावा काढून टाकला. त्यांचें म्हणणें असें कीं, अज्ञानपणीं जिचें लग्न लाविलें व जी कधींच नवऱ्यापाशीं राहिली नाहीं, अशा स्त्रीस जबरदस्तीनें त्याच्या हवालीं करणें हें रानटीपणाचें होईल, आणि असा दावा मूळ हिंदु कायद्यांत नाहींच.

मग तो आला कोठून? वाचकहो, तो इंग्लंडांतील बिशपांच्या कोर्टांतून आला. त्या देशांत लग्नाचे तंटे पूर्वीं चर्चच्या कोर्टांपुढें चालत. जोडीदारापाशीं राहण्याचा हुकूम जो मोडी, त्यास मंडळींतून बहिष्कृत करीत. १८१३ मध्यें बहिष्काराच्या जागीं सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आला. १८५७ मध्यें हें काम सरकारी कोर्टाकडे गेलें. १८६७ मध्यें बंगालच्या एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलानें असे दावे हिंदुस्थानांतही चालतील असें ठरविलें, आणि येथील दिवाणी कायद्यांत तुरुंगाची तरतूद झाली. याहून नवल हें कीं, खुद्द इंग्लंडांत या कारणासाठीं तुरुंगांत घालणें १८८४ मध्येंच बंद झालें होतें. म्हणजे जी शिक्षा गोऱ्या मडमेस देतां येत नव्हती, ती तीन वर्षांनंतर मुंबईच्या सुताराच्या मुलीस सुनाविली गेली! लग्न लाविलें तें एका धर्माच्या रूढीनें, बेडी घडली ती दुसऱ्या धर्माच्या कोर्टांत. आणि तो दुसरा धर्म आमचा.

इतकेंच नव्हे. आम्हां हिंदी ख्रिस्ती लोकांसाठीं १८६९ मध्यें घटस्फोटाचा जो कायदा झाला, त्याप्रमाणें नवऱ्यानें बायकोचा व्यभिचार शाबीत केला कीं पुरे होई. बायकोस मात्र तेवढ्यानें सुटका नव्हती. व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा, दोन वर्षें टाकून देणें, किंवा असेंच दुसरें कांहीं शाबीत करावें लागे. हा भेद निघावयास २००१ साल उजाडावें लागलें. १३२ वर्षें आमच्या किती बहिणी हें सोशीत राहिल्या, आणि आमच्या किती मंडळ्यांनीं त्याबद्दल तोंड उघडलें?

असो. पिन्हींचा निकाल अपिलांत टिकला नाहीं. १८८६ मध्यें मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायाधीश बेली यांनीं दावा चालण्याजोगा आहे असें ठरवून तो परत पाठविला, आणि पुढें आरंभीं सांगितलेला हुकूम झाला. साऱ्या देशांत गलबला उडाला. रखमाबाईंनीं १८८५ मध्यें टाइम्स ऑफ इंडियांत ‘एक हिंदु स्त्री’ अशा सहीनें बालविवाहाविरुद्ध व वैधव्याच्या जाचाविरुद्ध पत्रें लिहिलीं होतीं. तीं कोणाचीं हें आतां सर्वांस समजलें. बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ त्यांच्या बाजूस उभे राहिले. टिळकांच्या केसरीनें त्यांच्यावर कडक टीका केली. पंडिता रमाबाई त्या वेळीं अमेरिकेंत होत्या. त्यांनीं आपल्या इंग्रजी पुस्तकांत रखमाबाईंची हकीकत लिहून तेथील लोकांस कळविली.

विक्टोरिया राणीनें हुकूम काढून हें लग्न मोडलें, अशी एक कथा छापून येते. ती खरी नव्हे. जुलै १८८८ मध्यें तडजोड झाली. दादाजीनें दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावण्याचा हट्ट सोडला व दुसरी बायको केली. रखमाबाईंस तुरुंग भोगावा लागला नाहीं. त्यांना दुसऱ्या लग्नाची वाट नव्हती, आणि त्यांनीं तें केलेंही नाहीं.

मुंबईच्या कामा इस्पितळांतील डॉक्टर एडिथ पीची यांनीं त्यांस धीर दिला व मदत मिळवून दिली. १८८९ मध्यें त्या इंग्लंडास गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेंत शिकल्या, आणि १८९४ मध्यें डॉक्टर झाल्या. परत आल्यावर प्रथम सुरत येथें व नंतर राजकोट येथें त्यांनीं स्त्रियांच्या इस्पितळांचें काम पाहिलें. पुरुष वैद्यास नाडी दाखविण्यापेक्षां मरण बरें असें मानणाऱ्या बायांमध्यें त्यांचीं तीस वर्षांहून अधिक वर्षें गेलीं.

त्यांच्या खटल्यानें जो वाद पेटला, त्यास कलकत्त्याच्या फुलमणी दासी या कोवळ्या मुलीच्या मरणानें आणखी धार आली. १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. आज हें ऐकून लाज वाटते; परंतु तेवढ्यासाठींही मोठें युद्ध माजलें होतें. नांदावयास न जाण्याबद्दलचा तुरुंग १९२३ मध्यें कायद्यांतून काढण्यांत आला. मिळकतीच्या जप्तीची तरतूद मात्र राहिली.

१९०४ मध्यें दादाजी मेल्याचें कळलें, तेव्हां रखमाबाईंनीं विधवेचें पांढरें पातळ नेसावयास घेतलें. ज्याच्या घराचा उंबरठा त्यांनीं कधीं ओलांडला नाहीं, त्याच्यासाठीं हें कां? यावर पुष्कळांनीं पुष्कळ तर्क केले आहेत. आम्ही तर्क करीत नाहीं. मनावरील बेडी कोर्टाच्या बेडीहून उशिरा सुटते, हें आमच्या खेड्यांतील नव्या मंडळींस कोणी सांगावयास नको.

२५ सप्टेंबर १९५५ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं त्या वारल्या. त्याच वर्षीं मे महिन्यांत हिंदु विवाहाचा नवा कायदा झाला होता. त्यांत हिंदु स्त्रीस घटस्फोट मिळाला. आणि त्याच कायद्याच्या नवव्या कलमांत, बिशपांच्या कोर्टांतून आलेला तो नांदावयास बोलाविण्याचा दावाही तसाच ठेविलेला आहे.