ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स

मनुष्य ज्या बोलींत आईची पहिली हांक ऐकतो, ज्या गाण्यांत व कथांत लहानाचा मोठा होतो, त्यांनींच त्याचें मन घडतें. तीं त्याच्यापासून हिरावून घेतलीं, तर तो आपल्याच गांवांत परका होतो. हें मर्म ओळखणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र आपणां मराठी ख्रिस्ती जनांस सदैव स्मरणीय आहे.

स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत झाला. त्या काळीं तेथें कॅथॉलिक धर्म पाळणें मोठें संकटाचें होतें. स्वदेश सोडून ते रोमला गेले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. पुढें ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांतून निघून त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ते गोव्यास पोंचले. पुढील चाळीस वर्षें त्यांनीं मुख्यतः गोव्यांतील साष्टी प्रांतांत सेवा केली.

तेथील स्थिति बिकट होती. पोर्तुगीज सत्तेनें देवळें पाडलीं होतीं व तें शल्य लोकांच्या अंतःकरणांत सलत होतें. २५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी येथें ग्रामस्थांनीं पांच येशूसंघीयांचा वध केला. पुढें सरकारनें गांवच्या पुढाऱ्यांस ठार करून सूड घेतला. आपल्या बंधूंचीं शवें परत मिळविण्याचें दुःखद कर्तव्य स्टीफन्स यांस करावें लागलें. अशा प्रसंगीं दुसरा कोणी त्या लोकांविषयीं मन कठोर करून बसला असता. स्टीफन्स त्यांचीच भाषा अधिक खोल शिकत राहिले.

नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें गेलीं होतीं, परंतु त्यांची जागा भरून काढील असें कांहींच हातीं आलें नव्हतें. प्रार्थना मुखोद्गत होत, पण मन रमत नसे. ही उणीव एका ब्राह्मणाच्या विनंतीच्या रूपानें स्टीफन्स यांनीं आपल्या ग्रंथांतच मांडली आहे. तिची पूर्ति म्हणून त्यांनीं ज्ञानेश्वर व एकनाथ यांचा ओवी छंद घेऊन सुमारें ११,००० ओव्यांचें ख्रिस्तपुराण रचिलें. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आहे. स्वर्गास त्यांनीं वैकुंठ हाच ओळखीचा शब्द योजिला. हा ग्रंथ १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. जुन्या देवपूजेचा त्यांनीं निषेधच केला, त्या बाबतींत ते आपल्या काळाचेच होते. परंतु धर्म बदलला म्हणून मनुष्यानें आपली वाणीही टाकावी, असें त्यांनीं मानिलें नाहीं.

१६१९ सालीं गोव्यांत त्यांनीं देह ठेविला. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. १६८४ सालीं सरकारनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढिला, तरी पुराणाच्या हस्तलिखित प्रती टिकल्या आणि १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें.

वाचकहो, परदेशांत जन्मलेला हा पुरुष आमच्या भाषेंत आपलासा झाला, आणि आपल्याच घरीं परके झालेल्यांस त्यानें पुन्हां घर दिलें. आज या मंगल उत्सवीं आपण लेंकरांस श्रद्धेबरोबर मायबोलीही देत आहों काय, याचा प्रत्येकानें विचार करावा.