एक काच, तीन फ्रेम

स्कॅनर म्हटलं की आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्रीची धावपळ आठवते. पण याच यंत्राने एका माणसाचं आयुष्यभराचं काम जगापुढे आणलं, हे माझ्या वाचनात आलं आणि मी थक्कच झाले!

सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की यांचा जन्म १८६३ साली रशियात झाला. शिक्षण रसायनशास्त्राचं. १९०२ मध्ये बर्लिनला जाऊन ते प्रा. मीथ यांच्याकडे रंगीत फोटोग्राफी शिकले. आजच्यासारखी रंगीत फिल्म तेव्हा नव्हती. मग युक्ती अशी, की एकाच उभ्या काचेवर एकामागून एक तीन फोटो घ्यायचे. निळ्या, हिरव्या आणि लाल फिल्टरमधून. तिन्ही कृष्णधवल! प्रोजेक्टरने त्याच रंगांच्या प्रकाशात ते पडद्यावर एकावर एक पाडले, की रंगीत चित्र तयार. आपल्या मॉनिटरचं आरजीबी, दुसरं काय?

१९०८ मध्ये त्यांनी टॉलस्टॉयचा रंगीत फोटो काढला. १९०९ मध्ये झार दुसऱ्या निकोलसने त्यांना डार्करूम असलेला रेल्वेचा डबाच दिला! शाळेतल्या मुलांना आपला देश रंगांत दाखवायचा, हे त्यांचं स्वप्न. पण क्रांती झाली, १९१८ मध्ये देश सुटला आणि १९४४ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने वारसांकडून १९०२ काचा विकत घेतल्या आणि २००० साली त्या स्कॅन केल्या. इथे शब्द नीट समजून घ्यायला हवेत. अख्खी काच म्हणजे प्लेट. तिच्यावरची एकेक चौकट म्हणजे फ्रेम. एका फ्रेममधून मिळणारा एक रंग म्हणजे चॅनेल. आणि तिन्ही फ्रेम एकमेकींवर तंतोतंत बसवणं म्हणजे रजिस्ट्रेशन (आपलं सेमिस्टरचं नव्हे!). म्हणजे फ्रेम साधारण ५७००, पण फोटो १९०२च. आधी अख्खी प्लेट ग्रेस्केलमध्ये स्कॅन, मग कॉम्प्युटरवर जुळवणी. तरी तीन एक्स्पोजरच्या मधे जे हललं ते जुळत नाहीच. म्हणून त्यांच्या फोटोंत नदीच्या लाटांना लाल-हिरव्या-निळ्या कडा दिसतात.

मला यातलं एकच फार भावलं. त्या काचांवर रंगाचा थेंबही नाही, आहेत ती फक्त तीन प्रामाणिक रीडिंग्ज, वेगवेगळी जपलेली. म्हणूनच नव्वद वर्षांनी, त्यांनी कधी न पाहिलेल्या यंत्रावर रंग परत आले. मित्रांनो, रिझल्ट पुन्हा काढता येतो. रीडिंग मात्र जपावंच लागतं!