बाबासाहेबांचं दुःख आणि आपलं मन



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्वत्तेवर, सत्याग्रहांवर, घटनेवर लेख येतात, आणि ते यायलाच पाहिजेत. आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं. शाळा आठवीपर्यंत, बाकी शिक्षण वाचनालयात झालेलं. यंदा आम्ही बाबासाहेबांच्या दुःखावर लिहायचं ठरवलं. कारण महामानवाला कधी रडू येत नसतं, असं आपल्या पोरांना वाटू लागलं आहे.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पाच-सहा वर्षांचे असतानाच आई भीमाबाई गेल्या. पाठीनं अधू असलेल्या आत्या मीराबाईंनी त्यांना मायेनं वाढवलं. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रमाबाईंशी लग्न झालं. २ फेब्रुवारी १९१३ ला वडील रामजी सुभेदार गेले.

१९१७ साली परदेशातून शिकून ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर गेले. एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला जागा कोणी देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत वरच्या मजल्यावर राहिले. तिथं दुसरं कोणी नव्हतं. बोलायला माणूस नाही म्हणून त्यांनी पुस्तकांची सोबत धरली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. दोन मित्रांकडे आसरा मागितला, दोघांनीही सबबी सांगितल्या. मग गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत सुन्न बसून राहिले. ही आठवण आली की डोळे भरून येतात, असं त्यांनी कित्येक वर्षांनंतर लिहून ठेवलं आहे. लपवलं नाही.

पुढं घरावर आघात झाले. गंगाधर, रमेश, इंदू ही लेकरं गेली. १९२६ च्या जुलैमध्ये लाडका राजरत्नही गेला. चार लेकरं मातीआड केलेला बाप आणि आई, दोघंही खचून गेले. महिन्याभरानं बाबासाहेबांनी आपले मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहून सगळं दुःख सांगितलं. एवढा मोठा बॅरिस्टर, पण मित्रापुढं मन मोकळं करताना त्यांना कमीपणा वाटला नाही. हेच दुःख उराशी घेऊन ते २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर उभे राहिले.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात माता रमाई गेल्या. तेव्हा बाबासाहेब खोलीत बसून लहान मुलासारखे रडले, असं चरित्रकार सांगतात. हळूहळू सावरले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. पण रमाईला ते विसरले नाहीत. पुढं पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला.

घटनेचं काम चालू होतं तेव्हा मधुमेह जडलेला, पाय ठणकत, रात्र रात्र झोप नाही. त्यांनी मुंबईत उपचार घेतले. उपचार करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशीच १५ एप्रिल १९४८ ला विवाह केला. उतारवयात ते व्हायोलिनही शिकले. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याला धम्म दिला, आणि ६ डिसेंबरला गेले. त्या धम्मात सगळ्याचं मूळ मन आहे.

बाबासाहेबांना मनाचा आजार होता असं आम्ही म्हणत नाही. तो आमचा अधिकार नाही. आमचं म्हणणं एवढंच, की दुःख झालं तेव्हा ते रडले, मित्राला सांगितलं, आजारात डॉक्टरकडे गेले. आणि आपण काय करतो?

आमच्या पाळीतला एक सोबती होता. काम सुटलं तसा तो गप्प झाला. जेवेना, झोपेना. कोणी म्हणालं नाटकं करतो, कोणी म्हणालं बाहेरचं लागलंय. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून त्याला भगताकडे नेलं! आम्ही रोज त्याच्या दारावरून जात होतो, पण आत जाऊन विचारलं नाही. एका सकाळी तो गेल्याचंच कळलं. हे आम्हाला आजही सलतं.

म्हणून सांगतो. माणूस पंधरा दिवस गप्प असेल, झोप उडाली असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर त्याला नावं ठेवू नका. जवळ बसा, ऐका, एकटं सोडू नका. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात. सरकारची टेलिमानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. समुपदेशक ऐकून घेतात आणि गरज असेल तर डॉक्टरांशी जोडून देतात. तापाला गोळी घेतो तशीच मनाचीही घ्यावी, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नये.

विहारात वंदना झाली की लगेच चपला घालून निघू नका. शेजारी बसलेल्याला विचारा, बाबा, बरं आहे ना? आणि तो बोलू लागला तर घाई करू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!