ट्रॅक्टरवाल्याची 'मिउरा' : फेरुचियो लॅम्बोर्गिनी यांची गोष्ट

वाशीम : मोबाईलवर लॅम्बोर्गिनीचे रील पाहणाऱ्या आपल्या किती पोरांना ठाऊक आहे, की ही गाडी काढणारा माणूस शेतकऱ्याचा पोरगा अन् धंद्यानं ट्रॅक्टरवाला होता?

फेरुचियो लॅम्बोर्गिनी यांचा जन्म २८ एप्रिल १९१६ चा, इटलीतल्या रेनाझो गावचा. घरी शेती, पण ध्यान सगळं यंत्रात. दुसऱ्या महायुद्धात ऱ्होड्स बेटावर लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, पुढं इंग्रजांच्या कैदेत राहिले. १९४६ मध्ये परत आले तेव्हा शेतकऱ्याला ट्रॅक्टर पाहिजे होता, परवडत नव्हता. त्यांनी लष्कराच्या टाकाऊ गाड्यांपासून ट्रॅक्टर जोडले. महाग पेट्रोलवर फक्त चालू करायचा, मग स्वस्त इंधनावर चालवायचा, असा जुगाड. १९४८ ला कारखानाच उभा राहिला.

पैसा आल्यावर फेरारी घेतली. तिचा क्लच घडीघडी जाई. (ऐन पेरणीत क्लच प्लेट गेली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको.) तक्रार घेऊन गेले, तर मालक एन्झो फेरारी यांनी ट्रॅक्टरवाल्याला गाडीतलं काय कळतं अशा थाटात वाटेला लावलं, असं ते सांगत. १९६३ मध्ये त्यांनी सांत आगाता इथं स्वतःचा कार कारखाना काढला.

१९६६ ला आली मिउरा. स्पेनमधल्या झुंजीच्या बैलांच्या नामी पैदाशीचं हे नाव. तिचं १२ सिलिंडरचं इंजिन पुढं बोनेटखाली नाही, सीटच्या मागं आडवं बसवलेलं. वजन मधोमध आल्यानं गाडी वळणावर चटकन वळते. ही कल्पना तरुण इंजिनिअरांची. मालकाला वाटलं, जाहिरातीपुरती बरी. पण ऑर्डरी येतच राहिल्या.

एन्झो मात्र बैल गाडीच्या पुढंच पाहिजेत या मताचे. मागं इंजिन असलेली गाडी साध्या गिऱ्हाइकाच्या हाती धोक्याची, ही त्यांची भीती. शेवटी तशी छोटी 'डिनो' काढली, वारलेल्या पोराच्या नावानं, अन् तिच्यावर फेरारीचं नावही लावलं नाही. १९६९ च्या डिनो २४६ ला ६ सिलिंडर, ताकद १९५ हॉर्सपॉवरच्या आसपास. मिउराची सुरुवातच ३५० ची.

आज जुन्या गाड्यांचे शौकीन दोन्ही शोधतात. चालवायला डिनो सोपी अन् समतोल. मिउराची टाकी पुढं, म्हणून तेल संपत आलं की भरवेगात नाक हलकं होतं. तरी किमतीत मिउरा कितीतरी पुढं, कारण ती साडेसातशेच्या वर थोड्याच निघाल्या. डिनो २४६ साडेतीन हजारांच्या वर. माझं विचाराल तर चालवायला डिनो, पाहायला मिउरा.

सत्तरीच्या दशकात दिवस फिरले. बोलिव्हिया देशाची ट्रॅक्टरची मोठी ऑर्डर रद्द झाली, तयार माल पडून राहिला. आधी कार कंपनीतला मोठा हिस्सा विकला, मग ट्रॅक्टरचा कारखाना, मग कारमधला उरलेला हिस्साही. फेरुचियो उम्ब्रिया भागात जाऊन द्राक्षाची शेती करू लागले. आपल्या वाइनला नाव दिलं 'मिउराचं रक्त'. २० फेब्रुवारी १९९३ ला ते वारले. त्यांच्या नावाचे ट्रॅक्टर त्यानंतरही निघत राहिले.