शब्द मागे घेताना

१५११ सालच्या आगमनकाळातील चौथा रविवार. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर डोमिनिकन धर्मगुरू फादर आंतोनियो मोंतेसिनोस यांनी स्पॅनिश वसाहतवाल्यांना प्रवचनात खडसावले. आदिवासींना मरेपर्यंत राबवणारे सारे महापापात आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बडी मंडळी संतापून मठावर गेली आणि शब्द मागे घ्या म्हणून अडून बसली. पुढच्या रविवारी लोक माफी ऐकायला जमले. फादरांनी तेच प्रवचन अधिक कडक शब्दांत केले. खरा शब्द मागे घ्यायचा नसतो, हे त्यांनी दाखवून दिले.

चुकीचा शब्द मात्र मागे घ्यावाच लागतो. तो धडा त्याच वसाहतीतील दुसऱ्या एका धर्मगुरूंच्या जीवनात आहे. त्यांचे नाव बार्तोलोमे दे लास कासास.

१४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरात त्यांचा जन्म झाला. १५०२ साली ते हिस्पॅनिओलाला आले. धर्मगुरू झाल्यावरही त्यांच्या पदरी राबणारे आदिवासी होते. या कारणाने एका डोमिनिकन फादरांनी त्यांना कुमसारात पापक्षमा नाकारली, तरी त्यांचे मन वळले नाही. १५१४ साली क्युबा बेटावर पेन्टेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना त्यांनी बेनसिराच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय वाचला. गरिबाला लुबाडून आणलेले अर्पण देवाला मान्य नाही, हे वचन त्यांच्या काळजाला भिडले. त्यांनी आपल्याकडील आदिवासींवरचा हक्क सोडला आणि १५ ऑगस्टच्या प्रवचनात तसे जाहीर केले.

पुढची पन्नास वर्षे ते आदिवासींसाठी राजदरबारी भांडले. ते डोमिनिकन संघात दाखल झाले, चियापासचे बिशप झाले. लुबाडलेले परत केल्याशिवाय जमीनदारांना पापक्षमा देऊ नये, असा नियम त्यांनी आपल्या धर्मगुरूंना घालून दिला.

पण याच लढ्यात त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली. आदिवासींचा भार हलका व्हावा म्हणून १५१६ साली त्यांनी बाहेरून, आफ्रिकेतूनही, गुलाम आणण्याची सूचना केली. आफ्रिकी गुलामांची आयात त्यांच्याआधीच सुरू झाली होती आणि असा सल्ला देणारे ते एकटे नव्हते. तरीही त्यांच्या शब्दाला वजन होते. १५१८ साली राजा चार्ल्सने ४,००० गुलाम नेण्याचा परवाना दिला.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे कोणत्या अन्यायाने पकडली जातात, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा त्यांनी स्वतःची बाजू सावरली नाही. आपल्या 'इंडीजचा इतिहास' या ग्रंथात त्यांनी स्वतःचे नाव घेऊन चूक लिहिली. आफ्रिकी माणसाला गुलाम करणे हे आदिवासीला गुलाम करण्याइतकेच अन्यायाचे आहे, असे त्यांनी नमूद केले. आपण अजाणतेपणी बोललो, ही सबब देवापुढे टिकेल की नाही, याचीही त्यांना खात्री नव्हती.

मात्र हा ग्रंथ चाळीस वर्षे प्रसिद्ध करू नये, असे त्यांनी १५५९ साली सांगून ठेवले होते. १५६६ साली माद्रिदमध्ये त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापला गेला तो १८७५ साली. तोपर्यंत तीन शतके लोटली होती आणि लाखो आफ्रिकी माणसे जहाजांतून नेली गेली होती. ज्या क्युबात त्यांचे मनपरिवर्तन झाले, तेथे गुलामगिरी संपली १८८६ साली. त्यांची सूचना दोन वर्षांत दरबारात फळली; माफी मात्र कपाटात पडून राहिली.

प्रिय भाविकांनो, आपण कुणाविषयी लग्नघरी, नाक्यावर, सभेत काहीबाही बोलतो. पुढे ते खोटे निघते. आपण कुमसारात जातो आणि देव क्षमा करतो. पण तो शब्द गावात फिरतच राहतो. लुबाडलेल्या जमिनीप्रमाणे माणसाचे घालवलेले नावही परत करावे लागते. ज्या चारचौघांत आपण बोललो, त्याच चारचौघांत जाऊन आपण चुकलो असे सांगावे; आणि ज्याचे नाव गेले, तो ते ऐकायला असेपर्यंत सांगावे.